झोपेत दात खाते, म्हणजे मनात राग आहे का?

"ताई, मी झोपेत दात खाते म्हणजे माझ्या मनात कुणाचा तरी राग साचलाय का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका तिशीतल्या सुनेने तो विचारला, तेव्हा घरच्यांनी उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवऱ्याने रात्रीची करकर मोबाइलवर रेकॉर्ड करून सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवली. सासूबाई म्हणाल्या, "दिवसा तोंडातून शब्द नाही, आणि रात्री दात-ओठ खाते. एवढा कुणाचा राग आलाय हिला?" तेव्हापासून नवरा गाढ झोपेपर्यंत ती जागी राहू लागली. माहेरी मुक्कामाला जाणंही तिने बंद केलं.

तिला मी आधी शरीराची बाजू सांगितली. झोप मधूनच उथळ होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू आवळले जातात. झोपलेल्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही नसतो. ताणाने हे वाढू शकतं, हे खरंच. पण चहा-कॉफी, तंबाखू, दारू, झोपेत श्वास अडकणं यांचाही त्यात हात असू शकतो, आणि काही घरांत ते आई-वडिलांपासून चालत आलेलं दिसतं. मग त्या आवाजावरून कुणाच्या मनाचा निवाडा करायचा कसा? माझ्या मते तो करूच नये.

बोलता बोलता महिनाअखेरीच्या जीएसटीचा विषय निघाला. ती एका कंपनीत हिशेब बघते. कानाच्या थोडं पुढे, गालाखालचा स्नायू टरारून वर आलेला मला दिसला. "तिथे बोट ठेवा," म्हटलं. तिने ठेवलं आणि चपापली. दात घट्ट मिटलेले होते. खरं तर खाणं आणि गिळणं सोडलं तर दिवसभर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जबडा सैल. ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या कडेला तिने एक टिकली चिकटवली. नजर गेली की जबडा सोडायचा. याने रात्रीचं दात खाणं थांबेलच असं नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. दिवसाचं जबड्याचं दुखणं मात्र पुष्कळ कमी झालं.

आणखी एक गोष्ट चौकशीत कळली. घाबरेपणासाठी तिला एसएसआरआय गटातलं औषध सुरू झालं होतं आणि त्यानंतरच आवाज वाढला होता. या गटातल्या औषधांनी काहींना असा त्रास होतो. घरी हे कळताच गोळ्या बंद करायचा सल्ला मिळाला. तो मी तिथल्या तिथे थांबवला, कारण अशी गोळी एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असे त्रास होतात. तिने मनोविकारतज्ज्ञांना सांगितलं, त्यांनी मात्रा बदलली.

दाताच्या डॉक्टरांना सुळ्यांची टोकं झिजलेली दिसली. माप घेऊन त्यांनी नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कवच, करून दिला. गार्डने ही सवय सुटत नाही. झीज दातांऐवजी गार्डची होते आणि आवाज दबतो. तेवढ्यासाठीही तो लावावा.

मला सगळ्यात जास्त बोलावं लागलं ते नवऱ्याशी. तो वाईट माणूस नव्हता, त्याचीही झोप मोडत होती. पण झोपेतल्या माणसाला हलवून "बंद कर" म्हणणं आणि सकाळी रेकॉर्डिंग ऐकवणं याने तिला झोपेचीच धास्ती बसली होती. त्याने रेकॉर्डिंग फक्त डॉक्टरांना ऐकवायचं, असं ठरलं. सासूबाईंना त्यानेच समजावलं. ती आता त्याच्या आधी झोपते. अधूनमधून करकर होतेच. तो कानात कापूस घालतो.

तुमच्या घरी असं असेल आणि सोबत मोठं घोरणं, रात्री दचकून उठणं, दिवसा डुलक्या येणं हेही असेल, तर गार्ड करण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या. श्वास अडकण्याचा विकार असलेल्या काहींना साध्या गार्डने त्रास वाढू शकतो.