वेगळं व्हायचं, पण कुठे?

नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेली माणसं एक काळजी हमखास बोलून दाखवतात. देवाने आपल्याला स्वतःसाठी वेगळं केलंय; मग जुने मित्र, सहकारी, विश्वासात नसलेले नातेवाईक यांच्यात कितपत मिसळायचं? माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्यांपैकी हे एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिशीतले गृहस्थ, एका कंपनीत हिशेब बघणारे. झोप उडालेली, सोमवार जवळ आला की छातीत धडधड. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी दुपारी सगळ्यांबरोबर जेवणं सोडलं होतं. कुणाच्या वाढदिवसाला थांबायचे नाहीत. सहकारी त्यांना शिष्ट म्हणू लागले, याचं त्यांना वाईट वाटत होतं आणि थोडा अभिमानही. ‘मॅडम, शास्त्रातच आहे ना, त्यांच्यामधून निघा आणि वेगळे व्हा?’ बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा सहावा अध्याय त्यांना पाठ होता.

मी वचनावर वाद घातला नाही. कामाचा एक दिवस सकाळपासून सांगा म्हटलं. (तत्त्वं सगळेच नीट सांगतात, दिवसभराचा हिशेब मागितला की खरं दुखणं कळतं.) सांगता सांगता ते संध्याकाळच्या कामावर आले: साहेबांनी दिलेली बिलं चढवायची. कसली बिलं? ते अडखळले. न केलेल्या प्रवासाची. खाली ‘तपासले’ म्हणून सही यांची. ‘ते तर कामच आहे. मी बोलून काय होणार?’

म्हणजे जेवणाच्या टेबलावर ते वेगळे होते आणि खातेवहीत इतरांसारखेच. धडधड कशाची, हे त्यांनाही तेव्हाच उमगलं असावं, कारण बराच वेळ ते चष्म्याची काच पुसत बसले.

मग आम्ही बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचला. ‘पवित्र असा, कारण मी पवित्र आहे’ या आज्ञेनंतर तिथे येतं काय? शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. शेवटी तराजू आणि वजनं खरी ठेवा. मूर्तींपासून दूर राहा हेही आहेच, पण शेजाऱ्यापासून दूर राहा असं नाही. उलट शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे याच अध्यायात आहे. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातही ‘निवडलेला वंश, पवित्र राष्ट्र’ म्हटल्यावर तीनच वचनांनी सांगितलंय की परराष्ट्रीयांमध्ये, म्हणजे विश्वासात नसलेल्यांमध्ये, तुमचं वागणं चांगलं असू द्या, त्यांना तुमची सत्कृत्यं दिसोत. कोपऱ्यात एकट्याने जेवणाऱ्याची सत्कृत्यं कुणाला दिसणार? पौलाने तर करिंथकरांना स्पष्टच लिहिलं, की जगातल्या लोभी, लुबाडणाऱ्या लोकांशी अजिबात संबंध ठेवायचा नसेल तर जगातूनच निघून जावं लागेल. त्याचा कडक इशारा होता तो स्वतःला बंधू, म्हणजे विश्वासातला, म्हणवून तसं वागणाऱ्याबद्दल. हे वाचताना गृहस्थांनी मान वर केली नाही.

‘मग सगळं चालतं का?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. नाही चालत. दारूला नाही म्हणता येतं, पूजेत भाग न घेता घरी भेटायला जाता येतं, आणि हे सांगताना समोरच्याला कमी लेखावं लागत नाही. पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 10व्या अध्यायात विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर काय करायचं, याचा विचार आहे: जायची इच्छा असेल तर जा, पुढे वाढलेलं खा, मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर मात्र खाऊ नका.

बिलांबद्दल साहेबांना काय सांगायचं, हे त्यांनी माझ्यासमोर बोलून बघितलं. उपदेश नको, आरोप नको. ‘पावती जोडलेली नसेल तर मी तपासल्याची सही करणार नाही’ एवढंच वाक्य. ते म्हणताना पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला. नोकरीवर गदा येऊ शकते, म्हणून घरात बायकोला आधी विश्वासात घ्या, असंही मी सुचवलं.

त्यांनी ते वाक्य खरोखर म्हटलं. साहेब चिडले, बिलं दुसऱ्याकडे गेली, यांची बढती लांबली. धडधड कमी झाली, पूर्ण गेलेली नाही. दुपारी ते आता सगळ्यांबरोबर जेवतात. त्याच टेबलावर एका सहकाऱ्याने त्यांना विचारलं, की सही नाकारताना भीती नाही वाटली का. त्याला काय उत्तर द्यावं, हे विचारायला ते पुढच्या आठवड्यात येणार आहेत.