मतदानाआधी उमेदवाराची खात्रीशीर माहिती कुठे मिळते?

विधानसभेला पहिल्यांदाच मत देणार आहात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरातलं खरं काय ते कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. माझं सांगणं एवढंच की आधी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र (त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, उत्पन्न यांची त्यानेच शपथेवर दिलेली माहिती) काढा, आणि बातमीतला सारांश नको, मूळ कागद वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे उमेदवाराची ही माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला मिळाला. तो वापरणारे फार थोडे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उमेदवारी अर्जासोबत जोडलेलं हे प्रतिज्ञापत्र, म्हणजे 'नमुना २६', निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. मात्र त्यातलं खरं-खोटं निवडणूक निर्णय अधिकारी तपासत नाही. उमेदवार स्वतः लिहून देतो. खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण तक्रार कुणीतरी करायला हवी ना! म्हणून तपासणी आपणच करायची, आणि तिचे धागे त्याच कागदात असतात.

गुन्ह्यांच्या रकान्यात पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक, न्यायालय, कलमं आणि आरोप निश्चित झालेत का, हे सगळं असतं. नुसता 'सात गुन्हे' हा आकडा पाहू नका. पाणी मागायला रस्ता अडवल्याचे सात गुन्हे आणि खंडणीचा एक, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्रमांक घेऊन न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर टाका, खटला कुठवर आलाय ते दिसतं. आरोप निश्चित झाले असतील तर प्रथमदर्शनी खटला चालवण्याजोगं काही आहे असं न्यायालयाला वाटलेलं असतं. दोष सिद्ध झालेला नसला, तरी माझ्या लेखी ही गंभीर बाब आहे.

जमिनींच्या पुढे गट किंवा सर्व्हे क्रमांक असतो. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो सातबारा कुणालाही पाहता येतो. उमेदवार आधी लढलेला असेल तर मागचं प्रतिज्ञापत्रही शेजारी ठेवा. जुन्याच जमिनीचा भाव वाढला असेल तर तो वेगळा विषय. नव्याने काय घेतलं आणि प्रतिज्ञापत्रात दिलेलं पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न त्याला पुरतं का, हे बघा. दोन कागद जुळवायला वेळ नसेल तर 'मायनेता' या संकेतस्थळावर आकडे मांडलेले सापडतील.

कामाचं मात्र प्रतिज्ञापत्रात काही नसतं. उमेदवार आधी खासदार असेल तर त्याची संसदेतली उपस्थिती आणि प्रश्न पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात (मंत्र्यांचे आकडे तिथे शोधू नका, मंत्री प्रश्न विचारत नाहीत). मुंबईतल्या आमदारांसाठी प्रजा फाउंडेशन या संस्थेचे अहवाल आहेत. इतरत्र विधिमंडळाची कार्यवाही चाळावी लागते.

अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की मतदानापर्यंत निदान १४ दिवस हाताशी असतात. तुमच्या मतदारसंघातले चार-पाच प्रमुख उमेदवार तेवढ्यात आरामात वाचून होतात.