घरात चूल असताना पाहुण्यांना बाहेर कशाला?

मावशी, लग्न होऊन मालवणात आले त्याला चार वर्षं झाली. माहेर नागपूरचं. दिवाळीनंतर माझ्या कॉलेजच्या तिघी मैत्रिणी पहिल्यांदाच येतायत. शनिवारी येऊन सोमवारी निघणार. एक शाकाहारी आहे. रविवारी रात्री त्यांना आमच्या वाडीतल्या काकूंच्या खानावळीत न्यावं असं मनात आहे. त्यांच्या हातचं बांगड्याचं तिखलं मला फार आवडतं. पण पडवीत चार बाकं, वर पत्र्याचं छप्पर, मेनूकार्ड नाही. नवरा म्हणतो, कुडाळला एसी हॉटेलात ने, पंजाबी-चायनीज सगळं मिळेल. सासूबाई तर दोन दिवस धड बोलत नाहीत. "घरात चूल आसताना पावण्यांका भायर जेवूक व्हरतलंस? लोक काय म्हणतले?" मैत्रिणी मोठ्या पगाराच्या आहेत. ते पत्र्याचं छप्पर बघून त्यांना काय वाटेल? काय करू?
– एक सून, मालवण

अगं, एवढ्याशा पत्रात पत्र्याचं छप्पर दोनदा आलंय. सासूबाई एकदाच आल्यात. तेव्हा आधी छपराचंच बोलू.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुंबईच्या दोन मैत्रिणींना अशाच एका खानावळीत नेलं होतं. बसल्यापासून माझं सुरू: जागा जरा साधी आहे हं, पंखा जरा आवाज करतो हं, ताटं स्टीलची आहेत हं. शेवटी एकजण म्हणाली, "तू जेव ना गं." आणि माफी मागण्यात मी इतकी गुंतले होते की तिखल्यात मसाल्याला घालतात त्या तिरफळाचं सांगायचंच राहिलं. दुसरीने तिखल्यातलं तिरफळ सरळ दाताखाली धरलं. जीभ बधिर, डोळ्यांत पाणी, आणि "हे काय होतं?" असं दहा मिनिटं चाललेलं. छप्पर कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तिरफळाची आठवण ती अजून काढते. म्हणून तू जागेबद्दल एक शब्द बोलू नकोस, पण तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, हे ताट समोर आल्याबरोबर सांग.

नवऱ्याला एवढंच विचार की नागपुरात पनीर मिळत नाही का? त्यासाठी एवढा प्रवास करून मालवणात यायचं आणि वर पुन्हा पाऊण तास कुडाळला जायचं?

सासूबाईंचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्याकडे पाहुणा उंबऱ्याआत जेवून गेला यात घराची पत असते. तू बाहेर न्यायचं म्हणालीस आणि त्यांना ऐकू आलं, की माझ्या हाताला चव नाही. म्हणून शनिवारची रात्र पूर्ण त्यांची ठेव. कोंबडी-वडे त्यांच्या हातचे. वड्यांच्या पिठात तांदूळ, उडीद, चणाडाळ, मेथी, धणे. ते पीठ त्या आतापासूनच दळून आणतील बघ, अबोला कितीही असला तरी. शाकाहारी मुलीला तेच वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. ती दुय्यम सोय समजू नकोस; मी तर कोंबडी सोडून त्याच्यावर ताव मारते. रविवारी सकाळी घावणे किंवा शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया.

मग रविवारी रात्री सासूबाईंनाच खानावळीत घेऊन चल. लग्नाकार्यातली पंगत सोडली, तर दुसऱ्याने वाढलेलं ताट त्यांच्यासमोर शेवटचं कधी आलं होतं? पहिल्यांदा विचारशील तेव्हा नाहीच म्हणतील. एक दिवस जाऊ दे, मग परत विचार, आणि कारण खरं सांग: मला अजून मासा ओळखता येत नाही, तुम्ही निवडा. मैत्रिणींसमोर काकूंना "आज ताजा काय गावला?" असं त्या ज्या आवाजात विचारतील, तो तुला अजून चार वर्षं तरी जमणार नाही. तरीही नाहीच म्हणाल्या, तर आग्रह सोड. शनिवार त्यांचा झालेला असेलच.

दिवाळीनंतरचे दिवस चांगले आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. तेव्हा आल्या असत्या तर खाडीचा किंवा बर्फातला मासा शोधत बसली असतीस. रविवार निवडलास तेही बरं, सोमवारी पुष्कळ घरांत मासा शिजतच नाही. तू आता बांगडा खायला शिकलीस, पण त्या दोघी नवख्या आहेत; तारली-बांगड्याच्या काट्यांत अडकल्या तर अर्ध्या ताटावरून उठतील. त्यांना सुरमईची तुकडी दे, मधला काटा काढला की काम झालं. तिखल्याची एक वाटी मध्ये ठेव, चवीपुरती. पापलेटही सोपं, पण दर विचारून घे. 2023 मध्ये त्याला राज्यमाशाचा मान मिळाला, भाव त्याच्या आधीपासूनच राजाचा आहे. खानावळीत माशाचा दर त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो, तेव्हा आधी विचारण्यात लाज कसली? आणि कोळंबी किंवा तिसऱ्या (शिंपल्या) मागवण्याआधी कोणाला त्याचं वावडं नाही ना, ते फोनवरच विचारून ठेव.

शाकाहारी मैत्रिणीसाठी तव्याची चौकशी कर. छोट्या स्वयंपाकघरात बहुधा एकच तवा, एकच तेल असतं. आदल्या दिवशी सांगितलंस तर काकू वेगळ्या पातेल्यात उसळ करतील, वर भाकरी आणि सोलकढी. जमणार नाही म्हणाल्या, तर तिला तसं स्पष्ट सांग आणि तिचं ताट घरून भरून ने. काकू हरकत घेणार नाहीत, फक्त आधी विचार.

राहिले पैसे. तिघी टीटीएमएम म्हणून पर्स काढतील, तू नको म्हणशील, आणि सासूबाईंसमोर ती ओढाताण शोभणार नाही. रविवारी दुपारीच काकूंकडे थोडे देऊन ये, उरलेला हिशोब त्या तिघी गेल्यावर. किती पानं तेही तेव्हाच सांग, कारण काकू मोजून रांधतात. नवरा धरून पाच नक्की. सहावं पान सासूबाईंना दुसऱ्यांदा विचारल्यावर.