ओर्सिनो आणि 'ओ' सहीची चिठ्ठी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: 'ड्रॅगन एज टू' हा व्हिडिओ गेम संपवला, मेजेसची (जादूगारांची) बाजू घेतली, त्यांच्यासाठी टेम्पलरांशी (मेजेसवर पहारा ठेवणाऱ्या धर्मसैनिकांशी) लढलो, आणि शेवटी मेजेसचा प्रमुख ओर्सिनो माझ्यावरच उलटला. तो आधीपासूनच बनेल होता का, की लेखकांनी ऐनवेळी शेपूट चिकटवलं?

तू मला काका म्हणालास, जुळे सोलापुरातला आहेस म्हणतोस, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. या धाग्यावर आधी उत्तर दिलेल्या दोघांनी 'ओर्सिनो व्हिलन आहे' आणि 'ओर्सिनो बिचारा आहे' अशी दोन टोकं धरली आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. गेम संपलाच आहे तुझा, तेव्हा सगळं उघड लिहितोय. ज्यांचा चालू आहे त्यांनी इथूनच परत फिरा.

मी हा गेम 2012 च्या उन्हाळ्यात खेळलो. मे महिना, चव्वेचाळीस डिग्री, सीपीयूचं एका बाजूचं झाकण काढून त्याच्यावर टेबल फॅन सोडलेला, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. शेजारच्या शेडमधले पॉवरलूम थांबले की कळायचं, गेली. त्यामुळे दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय लागली आणि त्याच सवयीने एक फायदा झाला. वस्तू उचलली की लगेच पुढे न पळता ती वाचायचो. क्वेंटिन नावाच्या खुनी मेजच्या अड्ड्यातली 'ओ' सहीची चिठ्ठी अशीच वाचली गेली. बरेच जण तिथून पळत सुटतात, कारण पुढे आपल्या नायकाची, हॉकची, आई असते.

तो भाग आठवून बघ. गेमच्या शहरात, कर्कवॉलमध्ये, बायका गायब होतायत. ज्या बाईवर नजर असते तिला आधी पांढरी लिली पाठवली जाते. पहिल्या अंकात नवऱ्याला वाटतं, बायको कुणाबरोबर तरी पळून गेली. एमरिक नावाचा एक म्हातारा टेम्पलर एकटाच चिकाटीने मागे लागलेला असतो आणि त्याला कुणी धड विचारत नाही. दुसऱ्या अंकात तो मरतो आणि मग लिली येते ती तुझ्याच घरी, आई लिआंड्रासाठी. लोटाउनच्या फाउंड्रीखाली जे दिसतं ते तू पाहिलंयस, परत सांगत नाही. क्वेंटिनला मेलेली बायको तुकड्या-तुकड्यांनी परत उभी करायची होती, आणि चेहरा त्याने तुझ्या आईचा घेतला.

तिथेच एक पत्र सापडतं. कुणीतरी त्याच्या संशोधनाचं कौतुक करतंय, त्याला पुस्तकं पुरवतंय, आणि खाली नावाच्या जागी फक्त 'ओ'.

आता क्रम बघ, कारण सगळी ग्यानबाची मेख त्या क्रमात आहे. हे सगळं दुसऱ्या अंकात घडतं. ओर्सिनो प्रत्यक्ष समोर येतो तो त्याच अंकाच्या शेवटी, कुनारी या परक्या योद्ध्यांनी शहरावर हल्ला केल्यावर. म्हणजे तो पहिल्यांदा तुझ्याशी बोलतो तेव्हा त्याची चिठ्ठी तुझ्याकडे आधीच येऊन पडलेली असते. आणि तो वागतो किती चांगलं! टेम्पलरांची कमांडर मेरेडिथ आणि तो भांडत असतात की पुढे कोण होणार, आणि शेवटी किल्ल्याबाहेर शत्रूला नादी लावायचं जोखमीचं काम तो स्वतःवर घेतो, तू आत शिरावंस म्हणून. मला तर तो पाहताक्षणी आवडला होता. एल्फ माणूस, आवाज मऊ, समोर मेरेडिथसारखी बाई. कोण त्याच्या बाजूने जाणार नाही?

माझा हॉक 'रोग' (चपळ, चोरटा लढवय्या) होता, मेज नव्हे, त्यामुळे बहीण बेथनी जिवंत. तिला मी डीप रोड्सला (जमिनीखालच्या मोहिमेवर) नेलं नाही, म्हणून ती गॅलोजमध्ये, मेजेसना कोंडून ठेवणाऱ्या सर्कलमध्ये गेली. म्हणजे हिशोब असा झाला: आईला मारणाऱ्याला पुस्तकं देणारा जो माणूस, तोच माझ्या बहिणीचा फर्स्ट एन्चांटर, म्हणजे सर्कलचा प्रमुख. आणि गेम एकदाही ते पत्र त्याच्यासमोर धरू देत नाही. एक डायलॉग ऑप्शन नाही. 'हे तुझं का रे?' एवढंसुद्धा नाही. माझ्या मते गेमची सगळ्यात मोठी चूक ही आहे. शेवटचा राक्षस ही दुसऱ्या नंबरची.

कुणी म्हणेल, 'ओ' म्हणजे ओर्सिनोच कशावरून? तो स्वतःच सांगतो. शेवटी हात कापून घेण्याआधी तो क्वेंटिनचं नाव घेतो, त्याच्या संशोधनाबद्दल बोलतो, ते वाईट होतं हे आपल्याला ठाऊक होतं असंही त्याच्या बोलण्यातून निघतं. म्हणजे त्याला माहीत होतं. आपल्यापैकी कुणाला माहीत नव्हतं त्याच्या कितीतरी आधीपासून.

आता हेतू. इथे मला एक घरचा अनुभव सांगावा लागेल, कारण ओर्सिनो मला त्यावरूनच समजला.

आमच्याकडे एक पतसंस्था होती, नाव सोडून देऊ. चेअरमन सज्जन माणूस. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत बाराबंदी घालून अनवाणी चालणारा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. त्याच्या संस्थेतल्या एका कर्मचाऱ्याने खोट्या नावांवर कर्जं काढली. चेअरमनला ते लवकर कळलं. त्याने काय केलं? काही नाही. कर्मचाऱ्याला खोलीत बोलावून झापलं, हळूहळू भर म्हणाला, आणि वही कपाटात ठेवली. त्याची भीती खरी होती. वरून तपासणी आली असती तर एका माणसाच्या पापापायी संस्थेला टाळं, आणि दारात ठेवीदारांची रांग. त्यात विडी वळणाऱ्या बायकांचे पैसे होते, माझ्या आईचे होते. त्याने स्वतः एक रुपया खाल्ला नाही, हे मी आजही सांगेन. पण वही कपाटात राहिली, कर्मचारी काम करत राहिला, आणि दोन वर्षांनी टाळं लागलंच, फक्त भोक मोठं झालेलं. आईचं पासबुक अजून ट्रंकेत आहे. शेवटची नोंद निळ्या शाईत, त्याच कर्मचाऱ्याच्या हातची, अक्षर मोत्यासारखं.

ओर्सिनोची कपाटातली वही म्हणजे क्वेंटिन. कर्कवॉलचा टेम्पलर कमांडर दुसरा कुणी असता, तर कदाचित त्याने जाऊन सांगितलंही असतं. पण समोर मेरेडिथ. तिची स्वतःची बहीण मेज होती, ती अबॉमिनेशन (पिशाच्चाने झपाटलेला राक्षस) झाली आणि माणसं मेली, तेव्हापासून या बाईला प्रत्येक मेजमध्ये तीच दिसते. त्यात नंतर लाल लिरियम या डोकं फिरवणाऱ्या जादुई खनिजाची तलवार. तिच्या हाताखालच्या अल्रिकसारख्या टेम्पलरने तर सगळ्याच मेजेसना ट्रँक्विल करून टाकावं, म्हणजे त्यांची जादू आणि भावना दोन्ही काढून टाकाव्यात, असा प्रस्ताव मांडला होता. मेरेडिथने आणि वर डिव्हाइननेही (धर्मसंस्थेच्या प्रमुखाने) तो फेटाळला, हे तिच्या बाजूने सांगायला हवं, पण अशा कल्पना जिथे मोकळ्या फिरतात त्या इमारतीत ओर्सिनो शेकडो लोकांची जबाबदारी घेऊन बसलेला. एक क्वेंटिन उघड केला तर ती म्हणणार, बघा, मी सांगतच होते. म्हणून गप्प.

इथवर मला त्याची दया येते. पण माझ्या चेअरमनमध्ये आणि त्याच्यात एक फरक आहे. चेअरमनने कर्मचाऱ्याला नवीन कोरे फॉर्म आणून दिले नव्हते. ओर्सिनोने पुस्तकं दिली. त्या पत्राचा सूर घाबरलेल्या माणसाचा नाही, रस घेणाऱ्या माणसाचा आहे. विद्वान माणसाला दुसऱ्या विद्वानाचं काम 'काय जबरी आहे' वाटतं ना, तो सूर. तेव्हा निव्वळ भीतीपोटी झाकलं हे म्हणणं अर्धवट आहे. कुतूहल होतं, आणि ते कुतूहल भीतीच्या पदराआड लपवता आलं. 'मी सर्कलसाठी गप्प आहे' असं तो स्वतःला सांगू शकत होता, आणि ते खोटंही नव्हतं. म्हणूनच सोपं गेलं.

आणखी एक गोष्ट, जी मला दुसऱ्यांदा खेळताना टोचली. एमरिक ज्या गायब बायकांच्या मागे होता त्यात म्हारेन नावाची एक सर्कलमधलीच मेज होती. ओर्सिनोच्या छताखालची. ती पळून गेली असेल असं सगळ्यांनी धरलं. आता त्याला क्वेंटिन नेमकं काय करतोय हे त्या वेळी किती कळलेलं होतं, ते गेम सांगत नाही, आणि मीही ताणणार नाही. पण ज्या माणसाचं सगळं राजकारण 'मी माझ्या मेजेसना वाचवतोय' यावर उभं आहे, त्याने त्या नावाचा एकदाही उल्लेख करू नये?

तिसऱ्या अंकात हाच स्वभाव दोनदा दिसतो. पहिला प्रसंग 'बेस्ट सर्व्ह्ड कोल्ड' या क्वेस्टचा. त्याचे काही मेज रात्री चोरून भेटतायत असा त्याला संशय येतो. तो काय करतो? टेम्पलरांना सांगत नाही, स्वतः उघडपणे विचारत नाही, हॉकला गुपचूप पाठवतो. पुन्हा वही कपाटात. दुसरा प्रसंग 'द लास्ट स्ट्रॉ'ची सुरुवात. मेरेडिथला ब्लड मेज (रक्ताने निषिद्ध जादू करणारे) शोधायला सर्कलचा टॉवर वरपासून खालपर्यंत झडती घेऊन पाहायचाय आणि ओर्सिनो अडवतो, शहराची मुख्य धर्मगुरू, ग्रँड क्लेरिक एल्थिना, हिच्याकडे जातो म्हणतो. पहिल्यांदा खेळताना मी टाळ्या वाजवल्या होत्या. हॉकचा मेज साथीदार अँडर्स चॅन्ट्री (धर्मसंस्थेचं मंदिर) उडवतो, मेरेडिथ राइट ऑफ अॅनल्मेंट पुकारते, म्हणजे सरसकट सगळ्या मेजेसना ठार मारा (अँडर्स सर्कलचा नसूनही, हे विसरू नको). आणि मग गॅलोजच्या अंगणात तोच ओर्सिनो तिला विनवतो, की हे थांबव, हवं तर कैद कर, टॉवरची झडती घे, मी स्वतः मदत करतो. सकाळी जे प्राण गेला तरी होऊ द्यायचं नव्हतं ते संध्याकाळी तो ताटात वाढून देतोय. तोवर उशीर झालेला. ती नाही म्हणते. त्या वेळी ती नाहीच म्हणणार होती.

आता तुझा मुख्य मुद्दा, तो उलटला का. त्याच्या पायाशी मेलेली पोरं पडलीत, दारावर टेम्पलर. त्याला वाटतं, आयुष्यभर नियम पाळून, गोड बोलून हेच मिळालं, तर ती ज्याला घाबरते तेच होतो. आणि त्या क्षणी त्याच्याकडे वापरायला काय असतं? क्वेंटिनची विद्या. प्रेतं एकमेकांत चिकटवून उभं करायची. जे झाकलं तेच हत्यार. इतकं मला पटतं, छान बसतं.

पण तो राक्षस झाल्यावर टेम्पलरांवर धावून जायच्या ऐवजी, त्याच्यासाठी लढणाऱ्या हॉकवर का जातो, याचं उत्तर गोष्टीत नाही. तिथे तुझं शेपटाचं म्हणणं मी शंभर टक्के मान्य करतो. तू टेम्पलरांच्या बाजूने खेळलास तरी हाच बॉस, मेजेसच्या बाजूने तरी हाच बॉस. ओर्सिनो ज्यात बदलतो तो हार्वेस्टर हा प्राणीही आधीच्या 'ओरिजिन्स' गेमच्या 'गोलेम्स ऑफ अमगॅरॅक' या जोडभागातून आलेला, नवीन नाही. 'ओरिजिन्स' नोव्हेंबर 2009 चा आणि हा मार्च 2011 चा, मध्ये जेमतेम सोळा महिने. एकच गुहा दहा वेळा फिरलास ना? मग शेवटाला वेगळी वाट बांधायला सवड नव्हती, हे समजून घे. निवड करायला लावून निवडीला अर्थ न ठेवणं हा लेखनाचा दोष आहे, ओर्सिनोचा नव्हे. म्हणून त्याच्या स्वभावाचा न्याय त्या शेवटच्या पाच मिनिटांवरून करू नको. पत्रावरून कर.

कुणीतरी वर 'आयर्व्हिंग (आधीच्या गेममधला सर्कलप्रमुख) बरा होता' असं लिहिलंय. 'ओरिजिन्स'मधला मेज ओरिजिन खेळलाय का त्यांनी? तुझा मेज मित्र जोवन सर्कलमधून पळायचं ठरवतो आणि तू जाऊन आयर्व्हिंगला सांगतोस, तेव्हा तो म्हातारा जोवनला तिथेच थांबवत नाही. पळायला लागणाऱ्या रॉड ऑफ फायर या जादुई कांडीचा फॉर्म सही करून देतो आणि सांगतो, जा त्याच्याबरोबर, पुढे होऊ दे. का? जोवनबरोबर त्याची प्रेयसी, चॅन्ट्रीतली लिलीही रंगेहाथ सापडली पाहिजे, नुसता सर्कललाच डाग नको. काय डोकं आहे! आणि निष्पन्न काय? जोवन खरोखरच ब्लड मेज निघतो, सगळ्यांना लोळवून पळतो, लिली एओनारच्या तुरुंगात जाते, आणि पुढे तोच जोवन लोघेन या सरदाराच्या सांगण्यावरून अर्ल एमन या दुसऱ्या सरदाराला विष घालतो. आयर्व्हिंग वाचला, कारण त्याच्यासमोर टेम्पलर कमांडर म्हणून ग्रेगोर होता. ग्रेगोरनेही अॅनल्मेंट मागवलं होतं, पण आयर्व्हिंग जिवंत बाहेर येऊन 'टॉवर सुरक्षित आहे' म्हणाला, आणि ग्रेगोरने एका मेजच्या शब्दावर विश्वास ठेवून हात आवरला. ओर्सिनोच्या समोर तसं कुणी नव्हतं. त्या दोघांच्या खुर्च्या बदलून बघ, मला नाही वाटत आयर्व्हिंगचा टॉवर टिकला असता.

पुढच्या वेळी खेळशील तेव्हा हॉक वॉरियर किंवा रोग घे, बेथनीला घरी ठेव, आणि फाउंड्रीखाली आईकडे धावायच्या आधी कोपऱ्यातली चिठ्ठी उचल. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला हायटाउनमध्ये ओर्सिनो लोकांसमोर भाषण करतो, नवा व्हायकाउंट (शहराचा शासक) हवा म्हणतो, मेरेडिथ ते उधळते आणि एल्थिना येऊन दोघांना घरी पाठवते, तो प्रसंग मग पुन्हा ऐक. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे लक्षात ठेवून ऐक. आणि इथे येऊन सांग, कुणाची बाजू घेतलीस.

मी दुसऱ्यांदाही मेजेसचीच घेतली. बेथनी तिथे होती.