ब्लू टिक आली, पण वाचलं कुणी?

पत्र: ताई, मी पुण्यात आयटीत आहे, वय ३४. दर शनिवारी एका संस्थेत जाते, घरी मारहाण सोसणाऱ्या बायकांना फॉर्म भरायला, कोर्टात सोबत म्हणून, असं. एका बाईसाठी मी अक्षरशः जीव टाकला. डीआयआर, म्हणजे घरगुती हिंसेचा अहवाल, भरून घेतला, फुकट वकील मिळवून दिला, तिच्या मुलीच्या शाळेचंही बघत होते. मध्येच ती तिसऱ्यांदा नवऱ्याकडे परत गेली, तरी गुरुवारी वकिलांकडे सह्या करायला नक्की येते म्हणाली. बुधवारी रात्री मी आठवण म्हणून मेसेजही केला, ब्लू टिकही आली, पण बाई आलीच नाही. त्यानंतर रोज मेसेज करतेय, वाचते आणि उत्तर देत नाही. ज्यांना स्वतःलाच बाहेर पडायचं नाही त्यांच्यासाठी आपण का झिजायचं? सोडून देऊ का हे काम?
– थकलेली

उत्तर: अगं थकलेल्या बाई, काम सोडायचं की धरायचं ते नंतर बघू, मला आधी सांग तो बुधवारचा मेसेज वाचला कुणी?

ब्लू टिक आली म्हणजे फोन कुणीतरी उघडला, एवढंच कळतं. जी बाई मार खाते तिचा फोन तिचा एकटीचा असतो असं तुला कोण म्हणालं? पासवर्ड नवऱ्याला माहीत, रात्री चार्जिंगला लावला की तो चाळणार, नाहीतर सासू नातवाला गेम लावून द्यायच्या निमित्ताने बघणार. आणि तू त्यात काय लिहिलंस? मजकूर तू दिलेला नाहीस पण मी अंदाज करते, "ताई, उद्या वकील मॅडमकडे यायचंय, विसरू नका." बुधवारी रात्री. म्हणजे तिच्या नवऱ्याला वार आणि बेत दोन्ही घरपोच. कदाचित तिनेच वाचलं असेल, शाळेत काही निघालं असेल, बस चुकली असेल. पण तुला ते माहीत नाही ना, आणि माहीत नसताना तू रोज त्याच नंबरवर आणखी मेसेज पाठवतेयस आणि वर तिचाच राग करतेयस. मला तुझा राग आला वाचताना, खरंच सांगते.

या कामात पहिल्याच भेटीत विचारायचं असतं, फोन कधी केलेला चालेल, दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, मेसेज केलेला चालेल का. बायका संस्थेचा नंबर "ब्लाउज टेलर" नाहीतर "पार्लर" म्हणून सेव्ह करतात ते काय हौस म्हणून? शक्यतो ठरलेल्या वेळी तीच फोन करणार, आपण नाही. तुला हे कुणी शिकवलं नसेल तर ती संस्थेची चूक, पण शिकवलं असेल आणि तू उत्साहाच्या भरात गुंडाळून ठेवलं असशील तर तुझी.

परत गेली म्हणून चिडू नकोस. २००५चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा बाईला घर सोड असं म्हणतच नाही. सामायिक घरात राहायचा तिला हक्क आहे, तिथे राहूनही संरक्षणाचा आदेश मागता येतो, कोर्टाला वाटलं तर नवऱ्यालाच घराबाहेर काढता येतं. मुलीची शाळा, स्वतःचं सामान, डोक्यावरचं छप्पर, हे सगळं सोडून ती माहेरच्या खोलीत किती दिवस काढेल? बाहेर पडली म्हणजे जिंकलो हा हिशोब तुझा आहे, तिचा असेलच असं नाही. उलट निघायची वेळ सगळ्यात धोक्याची असते, तेव्हा तिने चार वेळा मागेपुढे केलं तर ती तुझ्यापेक्षा नवऱ्याला जास्त ओळखते म्हणून. आणि ते "फुकट वकील मिळवून दिला" वगैरे जरा आवर. १९८७च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील हा कुठल्याही बाईचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तू कागद नीट भरलास, छान केलंस, तो डीआयआर काही वाया जात नाही, ती सहा महिन्यांनी आली तरी कामाला येईल.

आता काय करायचं ते ऐक. तिला आज मेसेज नाही. सॉरीचा नाही, "सगळं ठीक ना" चा तर अजिबात नाही. आणि जुने मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" करायच्या भानगडीत पडू नकोस, तिकडे "मेसेज डिलीट केला" अशी पाटी उमटते आणि संशयी माणसाला तेवढं पुरतं. गाडी काढून तिच्या घरीही जाऊ नकोस, तुला सिनेमातली एन्ट्री सुचत असेल तर.

हे वाचून झालं की संस्थेतल्या सीनियर समुपदेशक ताईंना फोन लाव. रात्र झाली असली तरी लाव, त्यांना सवय असते अशा फोनची. किती मेसेज केले, कोणत्या वेळी, शब्द काय होते, सगळं सांग, स्क्रीनशॉट पाठव, लाज वाटेल ती वाटू दे. तिच्यापर्यंत कसं पोचायचं ते त्या ठरवतील, आरोग्य खात्याच्या आशा सेविकेकडून किंवा मुलीच्या शाळेतून त्यांना वाट काढता येते, तुला येत नाही. मारहाण चालू असल्याचं कानावर आलं तर मात्र कुणाची वाट बघायची नाही, सरळ ११२. आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ असू दे.

शनिवारपर्यंत थांबू नकोस. काम सोडायचंच असेल तर ताईंना हे सगळं सांगून झाल्यावर सोड, मी अडवणार नाही.