ताइहो कशाने बुडाली?

प्रश्न: जून १९४४मध्ये फिलिपाइन समुद्रातील लढाईत जपानची नवीकोरी विमानवाहू नौका 'ताइहो' एकाच टॉर्पेडोने गेली. उड्डाण डेकला चिलखत असून हे कसे घडले?

उत्तर: चिलखत वरून पडणाऱ्या बॉम्बसाठी होते, टॉर्पेडो फुटतो पाण्याखाली. पण खरे तर नौकेचा घात केला तो पेट्रोलच्या वाफेने.

१९ जूनला सकाळी आठच्या सुमारास 'अल्बाकोर' या अमेरिकी पाणबुडीने सहा टॉर्पेडो सोडले. त्यांतला एक उजव्या बाजूला, पुढच्या भागात लागला. नौकेचा वेग फारसा घटला नाही. मात्र पुढची विमान-लिफ्ट मध्येच अडकली आणि खालच्या पेट्रोल टाक्यांना तडे गेले. लिफ्टच्या खड्ड्यात पेट्रोल साचू लागले. विमाने तर उडवायची होती, म्हणून वरचे भोक फळ्या आणि मेजे टाकून झाकले. त्यामुळे वाफेची बाहेर पडायची वाटही बुजली.

ही वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी बसते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी पुरते. त्याहून दाट झाली तर ती पेटत नाही. ताइहोचे हँगर, म्हणजे डेकखालची विमाने ठेवायची जागा, चारही बाजूंनी बंद होते. वाफ घालवण्यासाठी जहाजभरची वायुवीजन यंत्रणा पूर्ण जोरात चालू केली, आणि खड्ड्याजवळची वाफ डेकाडेकांवर पसरली. हाच घातक निर्णय. दुपारी अडीचच्या सुमारास, म्हणजे साडेसहा तासांनी, स्फोट झाला. डेक वर फुगला, हँगरच्या बाजू उडाल्या. ताफ्याचे प्रमुख ओझावा यांना 'हागुरो' क्रूझरवर जावे लागले.

करायला हवे होते ते असे: सांडलेल्या पेट्रोलवर फेसाचा थर, तो भाग हवाबंद, शक्य तिथली वीज बंद आणि फक्त थेट बाहेर फेकणारी हवा. अमेरिकेची विमानवाहू नौका 'लेक्सिंग्टन' मे १९४२मध्ये कोरल समुद्रात अशाच वाफेने गेली होती. महिन्याभरात, मिडवेच्या लढाईत, अमेरिकेच्याच 'यॉर्कटाउन'ने हल्ल्याआधीच पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरला. बॉम्ब लागले, पण पेट्रोलचा भडका उडाला नाही. (ती पुढे टॉर्पेडोंनी बुडाली, ती गोष्ट वेगळी.)

प्रश्न: त्या लढाईत जपानच्या आणखी विमानवाहू नौका बुडाल्या का?

उत्तर: दोन. 'शोकाकू' त्याच दिवशी 'कॅव्हाला' पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी, आणि 'हियो' दुसऱ्या दिवशी अमेरिकी टॉर्पेडो-विमानांनी. हियोतही गळक्या पेट्रोलची वाफ पेटली.