अर्धा निळा, अर्धा पांढरा: ब्लॅकबर्न रोव्हर्सबद्दल वाचकांचे प्रश्न

इंग्लिश फुटबॉलबद्दल येणाऱ्या पत्रांत लँकेशायरमधल्या एका क्लबचं नाव पुन्हा पुन्हा येतं, ते म्हणजे अर्ध्या निळ्या, अर्ध्या पांढऱ्या शर्टांचा ब्लॅकबर्न रोव्हर्स. पुण्याच्या मालकांमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं, पण क्लबचा इतिहास त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी सुरू होतो. म्हणून हा अंक त्याच क्लबला.

प्रश्न: प्रश्नमंजूषेत ‘एफए कप जिंकणारा उत्तर इंग्लंडचा पहिला संघ’ म्हणून मी ब्लॅकबर्न रोव्हर्स लिहिलं. परीक्षकांनी ते चूक दिलं आणि ‘ब्लॅकबर्न ऑलिम्पिक’ हे बरोबर उत्तर सांगितलं. हे दोन्ही एकच नव्हेत का? (नाशिक)

उत्तर: परीक्षकांचं बरोबर आहे. (एफए कप म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची चषक स्पर्धा.) एकाच गावातले हे दोन वेगळे क्लब होते आणि त्यांची गल्लत फार जण करतात. रोव्हर्सची स्थापना ५ नोव्हेंबर १८७५ रोजी सेंट लेजर हॉटेलातल्या बैठकीत झाली. पुढाकार होता जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या श्रूजबरी शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांचा. पहिल्या वर्षाची वर्गणी जमली २ पौंड ८ शिलिंग. (तेव्हा पौंडाला २० शिलिंग होते. म्हणजे आजच्या लिखाणात २.४० पौंड. जुने हिशेब वाचताना ८ शिलिंग म्हणजे ०.०८ पौंड असं धरू नका.) सुरुवातीचं मैदान ऊझहेड इथलं, म्हणजे शेतजमीनच. मधोमध गुरांसाठी पाण्याचा डबका होता. सामन्याआधी त्यावर फळ्या टाकायच्या, वर हिरवळीचे थर पसरायचे आणि मग खेळायचं.

१८८२ साली एफए कपच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला प्रांतिक संघ रोव्हर्सच होता, पण ओल्ड इटोनियन्सकडून ते १-० असे हरले. हा इटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, म्हणजे उमरावांच्या मुलांचा संघ. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८८३ ला, गावातल्या ऑलिम्पिकनं त्याच इटोनियन्सना जादा वेळेत २-१ असं हरवलं. ऑलिम्पिकचे खेळाडू विणकर, सूतगिरणीतले कामगार, ओतशाळेतले कामगार असे होते. सामन्याआधी काही दिवस त्यांना ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी नेऊन सराव करवला होता. सामन्यापूर्वी अशी तयारी करणं तेव्हा अगदी नवीन होतं.

रोव्हर्सनी त्यानंतर १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा चषक जिंकला. आधीची दोन वर्षं स्कॉटलंडच्या क्वीन्स पार्कविरुद्ध, तिसऱ्यांदा वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध. तिसऱ्या अंतिम सामन्यात लंडनला ०-० बरोबरी झाली आणि डर्बीत झालेला पुनर्सामना त्यांनी २-० ने घेतला. पुढे १८९०, १८९१ आणि १९२८ धरून एकूण सहा. १८९०च्या ६-१ विजयात विल्यम टाउन्लीनं अंतिम सामन्यातली पहिली हॅट्ट्रिक केली. ऑलिम्पिक मात्र १८८९ ला बंद पडला. त्यामुळेच त्याचं नाव मागे पडलं आणि श्रेय रोव्हर्सच्या नावावर चढलं.

प्रश्न: आमचं गाव यंत्रमागांचं. लँकेशायरच्या गिरण्यांबद्दल ऐकून आहे. गिरणी कामगारांना खेळायला आणि बघायला वेळ कसा मिळे? (इचलकरंजी)

उत्तर: वेळ कायद्यानं मिळाला. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायका आणि तरुण कामगारांचं काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबवलं गेलं. त्यांच्याशिवाय माग चालत नसल्यानं पुरुषांनाही बहुतेक ठिकाणी सुट्टी मिळाली. शनिवारची दुपार मोकळी, हातात आठवड्याचा पगार आणि पायी जाण्याच्या अंतरावर मैदान. शनिवारी दुपारी ३ ला सामना ही इंग्लंडची रीत इथूनच आली.

ब्लॅकबर्नचा आपल्याशी थेट धागा आहे. तिथले माग मुख्यतः हिंदुस्थानासाठी धोतरं विणत. १९१३ साली लँकेशायरनं सुमारे ७०० कोटी यार्ड कापड निर्यात केलं आणि त्यातलं ३०० कोटी यार्डांच्या आसपास हिंदुस्थानात उतरलं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी कापड आणि पुढे स्वदेशीची चळवळ अशा तिन्हींनी ही बाजारपेठ हातची गेली. सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी बेकार विणकरांना भेटायला ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला गेले होते, ते याच पार्श्वभूमीवर. १९३६ साली रोव्हर्स पहिल्यांदा खालच्या श्रेणीत गेले. क्लबच्या इतिहासात गावाचा खिसा सतत वाचावा लागतो, असं माझं मत आहे. खेळाडू आणि प्रशिक्षक त्यानंतर.

प्रश्न: १८८५ पूर्वी खेळाडूला पैसे देणं बेकायदा होतं, तर स्कॉटलंडहून खेळाडू आणले कसे? (कोल्हापूर)

उत्तर: नोकरीच्या नावाखाली. क्लबशी संबंधित गिरणीमालक किंवा दुकानदार खेळाडूला नावापुरतं काम देई आणि पगार मात्र खऱ्या कामगाराहून जास्त. याचं ठळक उदाहरण फर्गस सूटर. ग्लासगोचा हा पाथरवट १८७८ ला डार्वेनला आला, इंग्लंडचा दगड घडवायला फार कठीण असं कारण देऊन त्यानं हातोडा-छिन्नी सोडली आणि १८८० मध्ये रोव्हर्सकडे गेला. कसलाही उघड धंदा नसताना माणूस जगतो कसा, हा प्रश्न गावात सगळ्यांना पडला होताच.

लपवाछपवीचा स्फोट १८८४ ला झाला. लंडनच्या अप्टन पार्क क्लबनं प्रेस्टनविरुद्ध तक्रार केली आणि प्रेस्टननं पैसे देत असल्याचं सरळ कबूल केलं. उत्तरेकडचे क्लब वेगळी संघटना काढायला निघाले, तेव्हा २० जुलै १८८५ ला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली. अट अशी की चषक सामन्यात खेळणारा व्यावसायिक आपल्या क्लबच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला किंवा दोन वर्षं राहिलेला असला पाहिजे. स्थलांतरितांना अडवण्यासाठीच ही अट घातली होती.

प्रश्न: १९१२ ला ब्लॅकबर्न ३८ सामन्यांत ४९ गुणांनी विजेते, असं जुन्या तक्त्यात दिसतं. आजच्या मानानं हे फार कमी नाही का? (सोलापूर)

उत्तर: कमी वाटतं, कारण तेव्हा विजयाला २ गुण मिळत. ३ गुण इंग्लंडमध्ये १९८१-८२ पासून मिळू लागले. त्या मोसमात २० विजय, ९ बरोबरी, ९ पराभव. जुन्या पद्धतीनं २० × २ + ९ = ४९. आजच्या पद्धतीनं २० × ३ + ९ = ६९ झाले असते. जुना तक्ता वाचताना आणखी दोन गोष्टी तपासा. मोसम ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होऊन पुढच्या वर्षी संपतो. म्हणून ‘१९१२चं विजेतेपद’ म्हणजे १९११-१२. आणि १९७६ पर्यंत बरोबरीतल्या संघांना गोलफरकानं नव्हे, तर केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून क्रम लावत. १९११-१२ मध्ये ब्लॅकबर्नचे गोल ६० आणि विरुद्ध ४३, म्हणजे सरासरी १.३९५. आजचा फरक +१७. वेगवेगळ्या काळांचे तक्ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणं इथंच फसतं. १९१३-१४ ला त्यांनी ५१ गुणांनी पुन्हा विजेतेपद घेतलं. १८८८ ला फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या १२ क्लबांतला हा एक, हेही लक्षात ठेवा. लीगच्या पहिल्या मोसमात आपल्या पहिल्या सामन्यात त्यांनी अ‍ॅक्रिंग्टनशी ५-५ अशी बरोबरी केली होती. तो अ‍ॅक्रिंग्टन म्हणजे आजचा अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली नव्हे.

प्रश्न: एवढा जुना आणि मानाचा क्लब मध्ये इतकी वर्षं दिसेनासा का झाला? मग १९९५ ला अचानक प्रीमियर लीग कशी जिंकली? (ठाणे)

उत्तर: पडझडीचं मोठं कारण १९६१ ला घडलं. तोवर खेळाडूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती. त्यामुळे लँकेशायरच्या छोट्या गावातला चांगला खेळाडू लंडन किंवा मँचेस्टरला जाऊन जास्त कमावू शकत नव्हता, तो गावातच राही. मर्यादा उठताच मोठ्या तिकीटविक्रीचे क्लब जास्त पगार देऊ लागले आणि छोट्या गावांचे क्लब रिकामे होऊ लागले. रोव्हर्स १९६६ ला पहिल्या श्रेणीतून खाली गेले, ते थेट १९९२ लाच परतले. मधल्या काळात १९७१ ला ते तिसऱ्या श्रेणीतही गेले होते.

परतीचा मार्ग जॅक वॉकरच्या पैशानं आखला. ब्लॅकबर्नचा हा माणूस. पोलादाच्या धंद्यातली कंपनी त्यानं १९८९ मध्ये ब्रिटिश स्टीलला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकली आणि जानेवारी १९९१ मध्ये क्लबचा ताबा घेतला. मग एकेक पायरी क्रमानं आली. ऑक्टोबर १९९१ मध्ये केनी डॅलग्लिश व्यवस्थापक म्हणून आला. मे १९९२ मध्ये सहाव्या क्रमांकावरून प्लेऑफ (वरच्या श्रेणीतल्या शेवटच्या जागेसाठीचे बाद सामने) खेळून, अंतिम सामन्यात माइक न्यूवेलच्या पेनल्टीवर लेस्टरला १-० हरवून, नव्याकोऱ्या प्रीमियर लीगमध्ये प्रवेश मिळाला. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅलन शिअररला त्या वेळच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला आणलं. १९९४ ला ख्रिस सटन ५० लाख पौंडांना आला आणि मैदानाच्या तीन बाजू पाडून नव्या बांधल्या गेल्या.

शेवटचा दिवस, १४ मे १९९५, नीट बघण्यासारखा आहे. रोव्हर्सचे ८९ गुण, मँचेस्टर युनायटेडचे ८७. रोव्हर्सचा सामना अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलशी, युनायटेडचा वेस्ट हॅमकडे. ‘बरोबरी पुरेशी होती’ असं पुष्कळ जण सांगतात, पण ते चूक आहे. रोव्हर्सची बरोबरी आणि युनायटेडचा विजय झाला असता, तर दोघांचे ९०-९० गुण आणि युनायटेडचा गोलफरक मोठा. म्हणजे स्वतःच्या पायावर विजेतेपद हवं, तर जिंकायलाच हवं होतं. शिअररनं गोल केला, जॉन बार्न्सनं बरोबरी साधली आणि जादा मिनिटांत जेमी रेडनॅपची फ्री किक जाळ्यात गेली. रोव्हर्स २-१ ने हरले. पण वेस्ट हॅमचा गोलरक्षक लुडेक मिक्लोश्कोनं युनायटेडला रोखून धरलं होतं आणि तिथं १-१ वर शिट्टी वाजली. ८९ विरुद्ध ८८. लिव्हरपूलचे प्रेक्षक पाहुण्यांच्या जल्लोषात सामील झाले. शिअररचे त्या मोसमात लीगमध्ये ३४ गोल.

नंतर काय बिघडलं? विजेतेपदानंतर लगेच डॅलग्लिशनं व्यवस्थापकपद सोडलं. १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. वॉकरनं दिलेला पैसा मोठा होता, पण ब्लॅकबर्नचं तिकीट-उत्पन्न मँचेस्टरइतकं कधीच नव्हतं. १९९९ ला, विजेतेपदानंतर जेमतेम चार वर्षांनी, क्लब खाली गेला. वॉकरचं निधन ऑगस्ट २००० मध्ये झालं. २००१ ला क्लब परतला, हे त्याला बघायला मिळालं नाही.

प्रश्न: पुण्याचे मालक आल्यावर काय झालं, थोडक्यात सांगा. (पुणे)

उत्तर: व्यंकीजनं नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला. डिसेंबरमध्येच व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइसला दूर करून स्टीव्ह कीनकडे जबाबदारी दिली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यातही खेळून गेला. पण मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, २०१७ ला तिसऱ्या श्रेणीत गेला आणि २०१८ ला एका मोसमात दुसऱ्या श्रेणीत परतला.

नाराजी कशाची, हे समजायला उत्पन्नाचं गणित लागतं. प्रीमियर लीगमधून खाली गेल्यावर दूरदर्शन हक्कांचं उत्पन्न कोसळतं. उतरलेल्या क्लबला काही वर्षं मदतीची रक्कम मिळते, पण ती दरवर्षी कमी होते. खेळाडूंचे करार मात्र वरच्या श्रेणीतल्या पगारांचे असतात. ते वेळेत कमी केले नाहीत, तर दरवर्षी तोटा होतो आणि मालकाला तो भरावा लागतो. व्यंकीजनं तो भरत आणला, हेही खरं. माझ्या मते चूक पैशापेक्षा क्रमाची होती. अनुभवी व्यवस्थापक आधी गेला आणि क्लब चालवणारी माणसं नंतर शोधली गेली.

प्रश्न: मुलगा मँचेस्टरला असतो. आम्ही भेटीला जाणार आहोत, ईवुड पार्कवर सामना बघायचा आहे. काय काळजी घ्यावी? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: मँचेस्टर व्हिक्टोरियाहून बोल्टन-डार्वेनमार्गे ब्लॅकबर्नची गाडी मिळते. मैदानाला जवळचं स्टेशन मिल हिल, तिथून साधारण मैलभर चालायचं. ब्लॅकबर्न मुख्य स्टेशनवरून अंतर जास्त आहे. सगळ्यांत जास्त घोळ तारखेचा होतो. जाहीर झालेला शनिवारचा सामना दूरदर्शनसाठी शुक्रवारी, रविवारी किंवा दुपारी साडेबाराला हलवला जातो. म्हणून विमान आणि स्वस्त, न बदलता येणारं रेल्वे तिकीट वेळ पक्की झाल्याशिवाय काढू नका. तिकीट क्लबच्या अधिकृत विक्रीतूनच घ्या. डार्वेन एंड पाहुण्यांच्या समर्थकांसाठी असतो, तिकडची जागा घेऊ नका. बर्नलीविरुद्धचा सामना हा जुन्या शेजाऱ्यांमधला, अत्यंत चुरशीचा असतो. त्या दिवशी बर्नलीचा गर्द तांबडा रंग चुकूनही घालू नका, आणि लहान मुलं बरोबर असतील तर दुसराच सामना निवडा.

मैदानाच्या एका बाजूला डार्वेन नदी वाहते आणि तिकडच्या स्टँडचं नावच रिव्हरसाइड आहे. क्लब इथं १८९० पासून खेळतोय. ईवुडची सर्वाधिक गर्दी २ मार्च १९२९ ला झाली होती, बोल्टनविरुद्ध चषक सामन्याला, ६२,५२२ माणसांची. आज सुमारे ३१,००० जागा आहेत. वेळ मिळाला तर ब्लॅकबर्न एंडच्या बाहेर चक्कर मारा. जॅक वॉकरचा पुतळा तिथे आहे.